मृणालिनी मुखर्जी आणि अबाकानोविच: गाठ कुठे, माग कुठे

दोराचं, माणसाहून उंच, फूलही वाटावं आणि शरीरही, असं शिल्प दिसलं की कुणीतरी हमखास ‘विणकाम’ म्हणून मोकळं होतं. अशी शिल्पं करणाऱ्या मृणालिनी मुखर्जींना ‘भारताच्या अबाकानोविच’ म्हणणारेही काही कमी नाहीत. हे आता पुरे.

मुखर्जी आपल्या ओळखीच्या आहेत: १९४९मध्ये मुंबईत जन्म, बडोद्यात चित्रकार के. जी. सुब्रमण्यन यांच्याकडे शिक्षण, ‘रुद्र’, ‘यक्षी’, ‘वनश्री’ ही शिल्पं. मॅग्दालेना अबाकानोविच (१९३०–२०१७) पोलंडच्या शिल्पकार. त्यांच्या साठच्या दशकातल्या प्रचंड कलाकृतींना त्यांच्याच आडनावावरून ‘अबाकान’ म्हणतात. मुखर्जींचा दोर हेम्पचा, म्हणजे भांगेच्या जातीच्या झाडाच्या तंतूंचा, अबाकानोविचांचा घायपाताचा. हा फरक किरकोळ आहे.

खरा फरक मागाचा. अबाकानोविच जुने दोर उकलायच्या, रंगवायच्या आणि मागावर विणायच्या. मागावर उभे धागे आधी ताणलेले असतात आणि आडवा धागा त्यांच्यातून जातो. त्यामुळे हाती येतो तो मुळात पट, कितीही जाड आणि खडबडीत असला तरी. त्याला शिवून, दुमडून टांगलं की पोकळी येते, चीर उघडते. १९६९चा तांबडा अबाकान सुमारे चार मीटर उंच आहे, आणि त्याचा आकार बराचसा त्याच्या लोंबण्यातून, वजनातून येतो.

मुखर्जींकडे मागच नाही. दोर हातात घ्यायचा आणि गाठीला गाठ जोडत जायचं. आधी रेखाटनसुद्धा करायचं नाही. गाठी कमी करत नेल्या की पृष्ठभाग आत वळतो, नवे दोर घेतले की पसरतो, कडा फुगून ओठासारखी उलटते. आत कुठे धातूचा सांगाडा असतो, पण वळण गाठीच घडवतात. इथे आधी कापड आणि मग आकार असा क्रमच नाही. ‘पुष्प’मधल्या (१९९३) घड्या पाकळ्याही वाटतात आणि देहाचे अवयवही, ते यामुळेच. मला अबाकानांपेक्षा ही वाढ कितीतरी जिवंत वाटते.

गाठ मॅक्रमेचीच आहे, म्हणजे दोराला गाठी मारून वस्तू करण्याच्या हस्तकलेची, मान्य. म्हणून कुंडी टांगायच्या जाळीशी तिची तुलना करणं मात्र मला अजिबात पटत नाही.

समोर उभे राहाल तेव्हा जवळ जाऊन पृष्ठभाग बघा. आडव्या धाग्यांच्या ओळी आणि शिवण दिसली तर माग. गाठींच्या उंचवट्यांच्या रांगा वळणाबरोबर वळत गेल्या असतील, तर हात.