खात्री आणि ताठा

"जे डोळ्यांना दिसत नाही त्याबद्दल इतकं ठाम बोलायचं म्हणजे गर्वच की!" देव, आत्मा, मरणानंतरचं काही, असा विषय निघाला की हे वाक्य ठेवलेलंच. पलीकडून उत्तरही ठेवलेलंच: "आमच्या श्रद्धेवर शंका घेताय, गर्व तुम्हालाच झालाय." घोळ दोन्हीकडे एकच, आणि तो ऐकून कान किटलेत.

ताठा कसा असतो हे कुणाला शिकवायला नको. स्वतःला उंच पाटावर बसवायचं आणि समोरच्याला खालून वर बघायला लावायचं, झालं. खात्री ही त्याहून साधी गोष्ट आहे. एखादं विधान मनात डळमळत नाही, एवढंच. ताठा 'मी'बद्दल असतो आणि खात्री 'ते'बद्दल.

किरकोळ गोंधळ आधी उरकून टाकू. आवाजावरून काही ठरत नाही. तावातावाने बोलणारा माणूस मनाने निर्मळ असू शकतो. "मी पामर, मला काय कळतं, पण त्यानेच माझ्याकडून हे वदवून घेतलं" हे कितीही हळू आवाजात म्हटलं तरी त्यात केवढा मोठा दावा आहे! (ही नम्रता सर्वांत जास्त डोक्यात जाते. तिच्याशी वाद घालायचा म्हणजे थेट देवाशीच घालावा लागतो.) दुसरं, समोरच्याचं मत चूक मानणं हा गर्व नव्हे. 'आहे' म्हणणाऱ्याला 'नाही' चूक वाटणारच. दोन्ही बरोबर म्हणणारा मोठ्या मनाचा नसतो, त्याने प्रश्नच नीट ऐकलेला नसतो.

आता 'न दिसणारं' या शब्दाकडे वळू. ल व्हेरिए या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाने युरेनसची चाल का बिघडते याचं गणित मांडलं आणि कुणी न ओळखलेला ग्रह आकाशात कुठे सापडेल ते सांगितलं. 23 सप्टेंबर 1846च्या रात्री बर्लिनच्या वेधशाळेत गाले याला तो एका अंशाच्या आत सापडला. तो नेपच्यून. पुढे बुधाची चालही थोडी चुकते असं दिसलं, तेव्हा ल व्हेरिएने 1859 साली त्याच पद्धतीने सांगितलं की बुध आणि सूर्य यांच्या मध्ये आणखी काहीतरी फिरतंय. त्या ग्रहाला व्हल्कन असं नावही मिळालं. तो कधीच सापडला नाही, कारण तो नव्हताच. बुधाचं कोडं 1915 साली आइन्स्टाइनच्या सिद्धांताने सुटलं, पण तोवर ल व्हेरिएला जाऊन 38 वर्षं झाली होती. माणूस तोच, रीत तीच, खात्रीही तशीच. एकदा बरोबर निघाली, एकदा चूक. म्हणून तो 1846 साली नम्र होता आणि 1859 साली गर्विष्ठ झाला, असं कुणी म्हणेल का?

तिथे दुर्बीण होती, इथे ती कुठली, असं कुणी म्हणेल. आक्षेप रास्त आहे. पण त्यातून सिद्ध काय होतं? श्रद्धेचा आधार कच्चा आहे, फार तर एवढं. तो आरोप जरूर करावा, त्यावर भांडावंही. पण 'तुझा आधार कच्चा आहे' आणि 'तू गर्विष्ठ आहेस' हे दोन वेगळे खटले आहेत. पहिल्याचा पुरावा दुसऱ्यात चालत नाही. गणिताचं अचूक उत्तर देणाराही महागर्विष्ठ असू शकतो, आणि भाबडेपणाने चुकीचं मानणाऱ्याला गर्वाचा वाराही लागलेला नसतो.

खरी पाय घसरण्याची जागा पुढे आहे. 'हे खरं आहे' आणि 'माझी चूक होणं शक्य नाही' ही दोन वाक्यं एकच वाटतात. ती एक नाहीत.

न्यायशास्त्राने, म्हणजे आपल्याकडच्या जुन्या तर्कशास्त्राने, हा फरक फार पूर्वी नेमका पकडलाय. समोर खांब आहे की माणूस, असं मन हेलकावे खातं तो संशय. शिंपल्याला चांदी समजणं हा विपर्यय. विपर्ययात संशयाचा लवलेश नसतो. शिंपला उचलायला वाकलेल्या माणसाला 'ही चांदी' याची खरी चांदी उचलणाऱ्याइतकीच खात्री असते. आतून दोन्ही अगदी सारख्याच लागतात. म्हणजे खात्री स्वतःची साक्ष स्वतः देऊ शकत नाही. 'मला इतकं पक्कं वाटतंय, म्हणजे ते खरंच असणार' हे म्हणणं तिथेच कोसळतं.

मग खात्री धरूच नये का? जमाखर्च लिहिणाऱ्याकडे बघा. शंभर नोंदी त्याने एकेक पावती बघून केल्यात. बोट ठेवाल त्या नोंदीबद्दल तो म्हणेल, बरोबर आहे. तरीही शेवटी तो ताळा करतो. कुठल्याही एका नोंदीवर त्याचा संशय नसतो. लिहिणारा हात माणसाचा आहे, एवढं त्याला माहीत असतं. नोंदीची खात्री आणि हाताच्या चुकीची जाणीव एकाच डोक्यात सुखाने नांदतात. 'मी लिहिलंय, ताळा कशाला?' हे वाक्य आलं की तिथे खात्री संपली आणि ताठा सुरू झाला.

न दिसणाऱ्याचा ताळा कसा करायचा? दुर्बिणीने होणार नाही हे मान्य, पण काही गोष्टी करता येतात. विरुद्ध बाजूचं म्हणणं असं मांडून दाखवावं की त्या बाजूच्या माणसाने मान डोलवावी. आपल्या श्रद्धेला सर्वांत जड जाणारा प्रश्न कोणता, तो दुसऱ्याने विचारायच्या आधी स्वतः सांगावा. निरपराध लेकराचं दुःख हा बहुतेकांच्या बाबतीत तो प्रश्न असतो. आणि मुख्य म्हणजे पायऱ्या सुट्या कराव्यात.

या पायऱ्यांवरच सगळं बिघडतं. जगामागे एक चेतन शक्ती आहे, ही पहिली. ती माणसाशी बोलते, ही दुसरी. ती अमुक ग्रंथातून बोलली, तिसरी. त्या ग्रंथाचा मी लावलेला अर्थ बरोबर आहे, चौथी. म्हणून तू आज असं वागलं पाहिजेस, पाचवी. प्रत्येक पायरीला खालची खरी धरून 90 टक्के खात्री दिली, तर पाचही मिळून साधारण 59 टक्केच उरतात. आणि बोलणारा पाचव्या पायरीवर उभा राहून पहिल्या पायरीच्या जोरावर बोलत असतो! 'देवावर विश्वास नाही का तुझा?' हा प्रश्न नेहमी पाचवीवरून विचारला जातो. समोरच्याचा आक्षेप बहुधा चौथीवर असतो. देवाबद्दलची खात्री हळूच स्वतःच्या अर्थावर चढवायची, आणि मग त्या अर्थाला हात लावणाऱ्याला नास्तिक ठरवायचं. ताठा बघायचा असेल तर तो या जिन्यात बघा, पहिल्या पायरीवर शोधू नका.

उलट बाजूलाही हाच जिना आहे. "देव आहे की नाही, मला माहीत नाही" हे स्वतःपुरतं प्रामाणिक विधान झालं. "ते कुणालाच कळू शकत नाही" हा झालेल्या आणि होणाऱ्या सगळ्या माणसांच्या कुवतीबद्दलचा दावा आहे. पहिल्याची नम्रता दुसऱ्याला फुकट मिळत नाही. तरीही तो म्हणणारा स्वतःला वादातला एकमेव विनम्र माणूस समजतो, याचं नवल वाटतं.

3 ऑगस्ट 1650 रोजी इंग्रज सेनापती ऑलिव्हर क्रॉमवेलने स्कॉटलंडच्या चर्चसभेला पत्र लिहिलं. तुमची चूक होत असेल, हे शक्य आहे असा विचार तरी करा, अशी त्यात त्याने ख्रिस्ताची आण घालून विनवणी केली. असल्या चर्चांमध्ये हे वाक्य नम्रतेचा दाखला म्हणून सारखं फिरत असतं. पुढचा महिना मात्र कुणी सांगत नाही. 3 सप्टेंबरला डनबारच्या लढाईत क्रॉमवेलने स्कॉटिश सैन्याचा धुव्वा उडवला, आणि हा देवाचाच कौल म्हणून त्यांच्यापुढे मांडला. पाद्र्यांनी उत्तर दिलं की आपली बाजू न्याय्य आहे की नाही हे आम्ही घटनांवर टांगून ठेवत नाही. क्रॉमवेलने त्यांनाच उलट फटकारलं: दोन्ही बाजूंनी देवाला साकडं घातलं होतं ना, मग त्याचा हात इतका स्पष्ट दिसल्यावर तुम्ही त्याला नुसती 'घटना' कसं म्हणता?