सरकारी सॉफ्टवेअरची कागदी शिस्त आली कुठून?

अमेरिकेच्या संरक्षण खात्यासाठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या इंजिनिअरांची तक्रार जुनीच आहे: कोडपेक्षा कागद रंगवण्यात जास्त वेळ जातो. याचं खापर सहसा अमेरिकी सॉफ्टवेअरतज्ज्ञ विन्स्टन रॉईस यांच्या १९७० च्या निबंधावर फुटतं. आधी गरजा, मग आराखडा, मग कोड, शेवटी चाचणी अशी पायरी-पायरीने उतरणारी आकृती त्यात आहे. या पद्धतीला पुढे चिकटलेला ‘वॉटरफॉल’ (धबधबा) हा शब्द मात्र त्यात कुठेच नाही. उलट, ही पद्धत अशीच्या अशी राबवणं धोक्याचं आहे, असं रॉईस यांनी तिथेच बजावलं होतं. काम नव्या धाटणीचं असेल तर ते दोनदा करा, हा त्यांचा सल्ला. कागदाच्या बाबतीत मात्र त्यांचा हात सढळ होता. ५० लाख डॉलरच्या यंत्राच्या खरेदीला ३० पानी तपशील पुरेल, तेवढ्याच किमतीच्या सॉफ्टवेअरला १,५०० पानं लागतील, असा त्यांचा हिशेब. यातलं काय सरकारच्या पथ्यावर पडलं असेल, ते वेगळं सांगायला नको.

माझ्या मते खरी गोम खरेदीत आहे. जहाज किती बांधून झालं ते डोळ्यांना दिसतं. अर्धवट कोड दिसत नाही. मग कंत्राटदाराला हप्ता कशाच्या जोरावर द्यायचा? मंजूर दस्तऐवज आणि पार पडलेली आढावा बैठक ऑडिटमध्ये दाखवता येते. १९८५ मध्ये आलेल्या ‘डीओडी-एसटीडी-२१६७’ या संरक्षण खात्याच्या सॉफ्टवेअर-मानकाने हीच व्यवस्था पक्की केली.

रोजच्या कामात याचा अर्थ काय? समजा, इशारा किती सेकंदांनी वाजावा हा आकडा चुकीचा ठरलाय. कोडमध्ये ओळ एकच बदलायची. पण गरजांचा दस्तऐवज मंजूर होऊन गोठलेला. म्हणून आधी बदलाचा प्रस्ताव, त्याला खर्चाचा अंदाज, मग बदल-नियंत्रण मंडळाची बैठक; मंजुरी मिळाली की आराखडा आणि चाचणीचे कागद पुन्हा दुरुस्त करायचे. शहाणा माणूस अशा वेळी चुकीचा आकडा तसाच ठेवतो.

हे वरिष्ठांना कळत नव्हतं असं नाही. संगणकतज्ज्ञ फ्रेड ब्रुक्स यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने १९८७ मध्येच या मानकावर टीका केली आणि टप्प्याटप्प्याने सुधारत जाण्याची शिफारस केली. १९८८ च्या सुधारित आवृत्तीत ‘कोणतीही विशिष्ट पद्धत लादण्याचा हेतू नाही’ अशा अर्थाचं वाक्यही आलं, पण आढाव्यांची रांग जागच्या जागी राहिली. १९९४ मध्ये संरक्षणमंत्री विल्यम पेरी यांनी लष्करी मानकांवरचा भर कमी करायला सांगितलं आणि २१६७ची जागा दुसऱ्या मानकाने घेतली. कंत्राटांचे नमुने लिहिणारे हात मात्र तेच होते.

२०२० मध्ये सॉफ्टवेअर खरेदीसाठी वेगळा मार्ग निघाला: पहिल्या वर्षभरात काहीतरी वापरात यावं आणि पुढेही दरवर्षी भर पडत राहावी, अशी त्याची अट आहे. तरी संशोधन, खरेदी आणि देखभाल यांचे पैसे परंपरेने वेगवेगळ्या निधींतून येतात. म्हणून आज केलेला बदल नवी निर्मिती की दुरुस्ती, यावर अजूनही बैठका झडतात.