एकाच नावाचे सात फोटो

आमच्या हार्डडिस्कवर ‘आयएमजी_०४१२’ नावाचे सात फोटो आहेत. एकात पुतण्याची मुंज, एकात विम्याची पावती, एकात नुसतीच छत्री. असा पसारा दिसला की आपण आपल्याच आळसाला दोष देतो. पण याची मुळं जपानात १९९८ साली ठरलेल्या एका नियमात आहेत.

तेव्हा मेमरी कार्डांवरची फाइलव्यवस्था डॉस या जुन्या संगणकप्रणालीच्या वळणाची होती. नावाला आठ अक्षरं, मग टिंब, मग तीन अक्षरं. एका कंपनीच्या कॅमेऱ्यातलं कार्ड दुसऱ्या कंपनीच्या कॅमेऱ्यात चालावं म्हणून तिथल्या इलेक्ट्रॉनिक उद्योगाच्या संघटनेने डीसीएफ हे मानक आणलं. फोटो ‘डीसीआयएम’ फोल्डरमध्ये ठेवायचे (आजच्या फोनमध्येही तो असतो), आणि नावाच्या आठांतली चार अक्षरं कंपनीने ठरवायची, उरलेल्या चारांत आकडे. ९९९९ झाले की पुन्हा ०००१. छत्तीस फोटोंचा रोल पुरवून पुरवून वापरणाऱ्यांना ही जन्माची बेगमी वाटली असणार.

नाव असं मुकं राहिलं, तरी तारीख फोटोच्या पोटातच नोंदवायची सोय १९९५ च्या एक्झिफ मानकाने केली होती. त्यातही एक फट होती: वेळ कुठल्या देशातली, हे नोंदवायला २०१६ पर्यंत ठरलेली जागाच नव्हती. कॅमेऱ्याचं घड्याळ न बदलता उन्हाळ्यात न्यू जर्सीला लेकीकडे गेलेल्यांचा सकाळी नऊचा नाश्ता संध्याकाळी साडेसहाला पडतो.

मग आवराआवरीची सॉफ्टवेअरं आली. २००४ मध्ये गूगलने घेतलेलं पिकासा फुकट होतं, हलकं होतं. पुढे ते चेहरेही ओळखू लागलं. ती नावं मात्र बहुतेकदा फोटोत न लिहिता पिकासाच्याच वेगळ्या फाइलींत राहत. २०१६ मध्ये पिकासा बंद झालं आणि अनेकांची ती मेहनत तिथेच अडकली. दरम्यान, २०१५ मध्ये आलेल्या गूगल फोटोजने किंचित लहान केलेले फोटो हवे तितके फुकट ठेवायला दिले. निवडून पुसायची सवयच मोडली. १ जून २०२१ पासून ती मुभा संपली, तोवर व्हायचं ते झालं होतं.

सगळ्यात मोठी गंमत व्हॉट्सॲपची. फोटो तिथे नेहमीच्या पद्धतीने पाठवला की एक्झिफ गळून पडतं आणि नावात तारीख येते ती मिळाल्याची. २०१९ च्या गणपतीत कुणीतरी ग्रुपवर टाकलेला आजोबांचा १९६८ चा कृष्णधवल फोटो आमच्याकडे सप्टेंबर २०१९ मध्ये, मोदकांच्या दोन फोटोंच्या मधे बसला आहे.