पिल्लू पडलं नाही, बाहेर पडलंय

एप्रिल-मे महिन्यांत मुंबईतल्या एखाद्या जुन्या सोसायटीच्या मागच्या आवारात, आंब्यावर किंवा पर्जन्यवृक्षावर शिक्र्याची पिल्लं असली, तर घरटं सहसा दिसत नाही. दिसतात ते झाडाखालच्या स्कूटरवरचे पांढरे फराटे. घरटं घाण होऊ नये म्हणून पिल्लू काठाशी सरकतं, शेपटी बाहेर काढतं आणि लांब पिचकारी सोडतं. स्कूटरवाल्याने चिडावं, हे रास्तच आहे.

शिक्रा हा कबुतराएवढा शिकारी पक्षी. मादी 3-4 अंडी घालते, ती 18 ते 21 दिवस उबवली जातात. पाली, सरडे, छोटे पक्षी, कधी खारीचं पिल्लू अशी शिकार नर आणतो आणि मादी तिचे तुकडे करून भरवते.

महिनाभरात पिल्लं घरटं सोडतात, पण उडून नव्हे. आधी शेजारच्या फांदीवर उडी, मग तिच्या वरच्या. पंख फडफडतात, तोल जातो, नखं सालीवर घसरतात. त्यातच एखादं जमिनीवर उतरतं आणि सोसायटीच्या ग्रुपवर फोटो येतो : 'जखमी गरुड सापडलाय!' बहुतेक वेळा त्याला काहीही झालेलं नसतं आणि आईबापही जवळच असतात. मांजर-कुत्र्याचा धोका असेल तर त्याला उचलून उंच फांदीवर ठेवावं, रक्त दिसलं तरच वनविभागाच्या 1926 वर फोन करावा. घरी नेऊन दूधपोळी मुळीच भरवू नये. शिवाय 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार त्याला पाळणं गुन्हा आहे.

पुढचे काही आठवडे ही पिल्लं दिवसभर ओरडून भूक सांगतात, तरी आईबाप हळूहळू हात आखडता घेतात. मग वाळक्या पानावर झडप घालणं, काटकी पायात घट्ट धरून तिला टोचणं असा सराव चालतो. माझ्या मते बघण्यासारखं खरं हेच.

प्रौढ शिक्रा राखाडी, छातीवर बारीक तांबूस आडव्या रेघा, नराचे डोळे लाल. पिल्लू वरून तपकिरी, छातीवर गडद उभे फराटे, डोळे पिवळट. पण नेमका असाच दिसतो पावशाचा, म्हणजे कोकिळेच्या कुळातल्या एका पक्ष्याचा, पोरगा! म्हणून आधी चोच बघावी : शिक्र्याची आकड्यासारखी वाकलेली, पावशाची बरीचशी सरळ. आणि पावशाची मादी अंडी घालते सातभाई पक्ष्यांच्या घरट्यात, त्यामुळे सातभाई एखाद्या 'शिक्र्या'ला अळ्या भरवताना दिसले, तर चोच बघायचीही गरज नाही.