पर्यावरणीय जनसुनावणी (बेळगाव सीमाभाग)

खाण, धरण, महामार्ग किंवा मोठा कारखाना उभा राहण्याआधी पाणी, हवा, जमीन आणि माणसांवर त्याचा काय परिणाम होईल याचा अभ्यास करून तो बाधितांपुढे मांडण्याची कायदेशीर रीत. पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ खालच्या १९९४ च्या अधिसूचनेत १९९७ साली जनसुनावणीची सक्ती आली. आज १४ सप्टेंबर २००६ ची अधिसूचना, तिच्यातल्या दुरुस्त्यांसह, लागू आहे.

सुनावणी राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ भरवते. तीस दिवस आधी वर्तमानपत्रांतून सूचना द्यावी लागते, अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा त्यांचा प्रतिनिधी असतो. गणपूर्तीची अट नाही. शेवटी इतिवृत्त लोकांच्या भाषेत समजावून वाचून दाखवायचे, मग त्यावर सही. नियम चांगलाच आहे. पण त्याआधी वाचायचा अहवाल कोणत्या भाषेत?

अधिसूचना सांगते, अहवालाचा सारांश इंग्रजीत आणि ‘राज्याच्या अधिकृत भाषेत/स्थानिक भाषेत’ द्यावा. खानापूर, निपाणी आणि बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागातल्या गावांचा सगळा प्रश्न त्या तिरप्या रेघेत अडकला आहे. राज्याची भाषा कन्नड, घरातली मराठी. यांपैकी एक दिली तरी नियम पाळल्यासारखे होते. शिवाय हा फक्त सारांश. ज्यांना ही अधिसूचना लागू होते त्या प्रकल्पांच्या यादीत दिवसाला ५,००० टन किंवा त्याहून जास्त ऊस गाळणारा कारखाना येतो. त्याचे सांडपाणी कुठल्या ओढ्यात उतरणार, हे ज्या तक्त्यात असते तो मूळ अहवालात, म्हणजे बहुधा इंग्रजीत. मळीच्या पाण्याने विहीर नासेल अशी धास्ती घेतलेला शेतकरी मराठीत प्रश्न विचारू शकतो, पण तो तक्ता त्याला वाचता येत नाही.

भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के किंवा अधिक असतील तिथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, हे तत्त्व केंद्राच्या अल्पसंख्याक संरक्षण योजनेत जुने आहे. सीमाभागात मराठी परिपत्रकांची मागणी त्याच आधारावर होत आली. ते या अधिसूचनेत शब्दशः यायला हवे. २०२० च्या सुधारणा मसुद्याने उलट सूचनेचे तीस दिवस वीसवर आणायचे सुचवले. तो मसुदा आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांत आणा, असा आदेश दिल्ली उच्च न्यायालयाला ३० जून २०२० रोजी द्यावा लागला.

भाषेच्या आधी आणखी एक दार असते: प्रकल्प यादीत बसतो का? कणकुंबी हे मलप्रभेच्या उगमाचे गाव. पुढे गोव्यात वाहत जाणाऱ्या म्हादई नदीच्या खोऱ्यातल्या कळसा नाल्याचे पाणी मलप्रभेत वळवण्याचा कालवा तिथेच खोदला गेला. ही पिण्याच्या पाण्याची योजना असल्याने २००६ च्या अधिसूचनेत येत नाही, असे केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने ऑक्टोबर २०१९ मध्ये कळवले, आणि त्यावरून गोव्यात मोठा विरोध उसळला. नदीखोऱ्यांच्या प्रकल्पांत यादी सिंचन आणि जलविद्युत मोजते. पिण्याचे पाणी तिच्यात नाही. पाणी घागरीत जाणार की पाटात, यावर सुनावणी ठरवण्यापेक्षा खोऱ्यातून किती पाणी बाहेर जाणार यावर ती ठरायला हवी. तशी दुरुस्ती होत नाही तोवर अशा योजनेसाठी कणकुंबीत जनसुनावणी घेण्याचे बंधन कुणावरच येत नाही.