भर देण्याच्या शब्दांमागचा इतिहास

बातमी असो, शोधनिबंध असो की अहवाल, एखाद्या मुद्द्याचे महत्त्व सांगायचे झाले की आज पहिल्यांदा ‘अधोरेखित करणे’ हेच सुचते. हा शब्द इतका रुळला आहे की तो कागदावरच्या रेघेतून आला, हे लक्षातही येत नाही. पण मराठी ठासून बोलायला शिकली ती अशा रेघांच्या कितीतरी आधी, आणि त्यासाठी तिला एक अक्षर पुरे होते: च.

या ‘च’ची वंशावळ लांबची आहे. संस्कृतातल्या ‘चैव’पासून महाराष्ट्री प्राकृतात ‘च्चेअ’, ‘च्चिअ’ अशी रूपे आली. बाराव्या शतकात हेमचंद्राने प्राकृताचे व्याकरण लिहिले, तेव्हा ‘चेअ’, ‘चिअ’, ‘च्च’ हे शब्द त्याने एका सूत्रात एकत्र बसवले आणि त्यांचा अर्थ सांगितला ‘अवधारणे’. अवधारण म्हणजे नक्की करणे, अमुक तेच असे ठरवणे. जुन्या मराठीत याच घराण्यातला ‘चि’ दिसतो. 1290 सालच्या ज्ञानेश्वरीची दुसरीच ओवी ‘देवा तूंचि गणेशु’ अशी सुरू होते आणि ‘अवधारिजो जी’ म्हणून संपते. व्याकरणकाराने ‘नक्की करणे’ या अर्थी वापरलेला धातू इथे ‘लक्ष देऊन ऐका’ या अर्थाने आला आहे. नेमके करून सांगणे आणि चित्त देऊन ऐकणे, दोन्हींना एकच धातू. मला ही ओवी म्हणूनच फार मोलाची वाटते.

‘च’ कुठे लावला यावर सगळे अवलंबून असते, आणि यावर आपल्याकडे बारकाईने विचार झालेला आहे. सातव्या शतकातल्या धर्मकीर्ती या बौद्ध तर्कशास्त्रज्ञाने, आपल्या ‘च’चेच काम करणाऱ्या संस्कृत ‘एव’ची तीन कामे वेगळी केली. त्याची उदाहरणे मराठीत आणली तरी जशीच्या तशी चालतात. ‘चैत्र धनुर्धरच आहे’ (चैत्र हे माणसाचे नाव): तो धनुर्धर आहे की नाही ही शंका इथे मिटते. ‘पार्थच धनुर्धर आहे’: इथे बाकी सगळे बाद होतात. ‘निळे कमळ असतेच’: असे कमळ असूच शकत नाही, हे म्हणणे खोडले जाते. अक्षर तेच, पण ते उद्देश्याला, विधेयाला की क्रियापदाला चिकटले यावर अर्थ फिरतो. ‘तूंचि गणेशु’मधला ‘चि’ दुसऱ्या प्रकारचा, दुसऱ्या कुणालाही जागा न ठेवणारा.

‘च’च्या जोडीला जे शब्द आले, ते हाताचे आणि कानाचे आहेत. ‘भर’ म्हणजे वजन. ‘जोर’ फारसीतून आलेला, म्हणजे ताकद. ‘ठासून सांगणे’ यातले ठासणे दाबून भरण्याचे. दारू नळीत ठासून भरायची ती ठासणीची बंदूक. ‘ठणकावून’मध्ये धातूवर पडलेल्या घावाचा आवाज आहे.

डोळ्याला दाखवायच्या खुणा पोथ्यांमध्येही होत्या, पण त्यांची रीत निराळी होती. अध्यायाची समाप्ती किंवा ‘श्रीभगवानुवाच’सारखे बोलणाऱ्याचे नाव तांबड्या शाईत लिहीत, नाहीतर त्यावरून गेरूचा हात फिरवीत. पिवळा रंग मात्र खोडण्यासाठी असे. चुकलेल्या अक्षरांवर हरताळ, म्हणजे एका पिवळ्या खनिजाचा रंग, फासला की मजकूर रद्द. ‘मेहनतीवर हरताळ फासला’ असे आपण आजही म्हणतो. पुढे 1971 साली जर्मनीत स्टॅबिलो बॉस हे चमकत्या शाईचे पेन आले आणि महत्त्वाच्या ओळीवर पिवळा पट्टा ओढण्याची सवय जगभर पसरली. पूर्वी जो रंग मजकूर पुसायचा, तो आता मजकूर उठावदार करतो. अक्षराखालच्या रेघेचेही तसेच. ऋग्वेदाच्या स्वरांकित पोथीत अक्षराखालची आडवी रेघ अनुदात्त दाखवते, म्हणजे खालचा स्वर. जो उंच, उदात्त, त्याला खूणच नसते.

छपाईत गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. तिरपा टाइप 1501 साली व्हेनिसमध्ये आल्डस मनुटियसने आख्ख्या पुस्तकासाठी वापरला, तो छोट्या, सहज जवळ बाळगता येणाऱ्या पुस्तकांसाठी. एखाद्या शब्दावर भर देण्याचे काम त्याच्याकडे नंतर आले. जाड टाइप तर एकोणिसाव्या शतकातला. आधी तो जाहिरातींच्या फलकांवर मिरवला आणि 1845च्या ‘क्लॅरेंडन’ टाइपापासून साध्या मजकुरात मधला एखादा शब्द उठून दिसावा म्हणून वापरात रुळला. देवनागरीला यातले सगळे सोयीचे नव्हते. मोठी-लहान अशी दोन प्रकारची अक्षरे आपल्याकडे नाहीत. जर्मन छापखान्यांत अक्षरे विरळ करून शब्द उठावात आणत, पण तसे केले तर आपली शिरोरेषा तुटते. खालून रेघ ओढली तर ती उकारांवर आणि ऋकारावर आदळते. संगणकाच्या पडद्यावर ‘कुसूर’ किंवा ‘कृती’खाली रेघ ओढून बघावे. म्हणून देवनागरीच्या अंगाला खरा मानवतो तो जाड ठसाच, आणि त्याला ‘ठळक’ हा शब्द चपखल बसला.

टंकलेखन यंत्रावर मात्र जाड अक्षर मिळत नसे, तिथे रेघच हाती होती. मुद्रणप्रत तपासणारेही रेघांनीच खुणा करत: शब्दाखाली सरळ रेघ असेल तर तिरपा टाइप, नागमोडी असेल तर जाड. इंग्रजीत रेघ ओढण्याच्या क्रियेला महत्त्व पटवून देण्याचा अर्थ आधीच चिकटलेला होता. त्याच साच्यावर ‘अधोरेखित’ घडला आणि खुणेपुरता न राहता बोलण्यालाही लागला.

शब्द वाईट नाही. परीक्षेच्या पुस्तकातली ओळ अधोरेखित करावीच. पण ‘वक्त्यांनी प्रश्नाचे गांभीर्य अधोरेखित केले’ या वाक्यातून वक्ते कसे बोलले ते कळत नाही. त्यांनी आवर्जून उल्लेख केला असेल तर त्यात आस्था होती. बजावले असेल तर ताकीद होती, निक्षून सांगितले असेल तर पुढे चर्चेला वाव नव्हता, आणि ठणकावले असेल तर समोर कुणीतरी प्रतिपक्ष उभा होता. वृत्तांत लिहिणाऱ्याने यातले नेमके काय झाले ते ऐकलेले असते, आणि वाचकाला तेच हवे असते.