आगगाडीचा चढ, सायकलची वाट

इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशायरमध्ये हल्म एंड ते वॉटरहाउसेस अशी साधारण तेरा किलोमीटरची एक डांबरी वाट आहे. मॅनिफोल्ड आणि हॅम्प्स या दोन नद्यांच्या काठाने, चुनखडीच्या कड्यांखालून जाणारी. नुकतंच पेडल मारायला शिकलेलं पोरही ही वाट न थकता पार करतं. १९०४ ते १९३४ या तीस वर्षांत इथून अडीच फुटी रुळांवरची छोटी गाडी धावत होती, आणि ती आखणाऱ्यांतलं मुख्य नाव सोलापूर जिल्ह्याला परकं नाही. एव्हरार्ड कॅलथ्रॉप. १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी ही बार्शी लाइट रेल्वे सुरू करणारा इंजिनिअर तोच.

इंजिन असो की मालडबा, कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार पडू द्यायचा नाही, म्हणजे हलक्या, स्वस्त रुळांवरूनही भरपूर माल नेता येतो, हा त्याचा हिशोब. बार्शीला तो जमला. पुढे ती लाइन पंढरपूर, लातूर, मिरजेपर्यंत वाढली. मॅनिफोल्डच्या इंजिनांवर बार्शीचीच छाप होती, अगदी पुढच्या मोठ्या दिव्यासकट. पण तिथे ना वारी होती ना कापूस. गाडी कुठूनच निघत नाही आणि तिथेच जाऊन थांबते, अशी तिची थट्टा व्हायची. मुख्य आधार दुधाचा. ते लॉरीने जाऊ लागल्यावर १९३४ मध्ये लाइन बंद पडली. जागा कौंटी कौन्सिलकडे आली आणि १९३७ मध्ये तिथे पायवाट खुली झाली. रेल्वे उखडून वाट करायची कल्पना साठ-सत्तरच्या दशकातली समजली जाते. मॅनिफोल्डने ती त्याच्या कितीतरी आधी करून दाखवली होती.

रेल्वेचीच जागा सायकलला इतकी का मानवते, याचं कारण वाफेच्या इंजिनाच्या दुबळेपणात आहे. लोखंडी रुळावर लोखंडी चाक घसरतं, म्हणून इंजिनाला चढ फारसा सोसत नाही. शंभर मीटरमागे मीटर-दीड मीटर चढ आला की ड्रायव्हरला घाम फुटायचा. म्हणून डोंगर आला की बोगदा, दरी आली की पूल, आणि मधे खोदाई नि भराव. त्याच भागातले जुने गाडीरस्ते मात्र टेकडीवर सरळ चढतात. तिथे पाच मीटरमागे मीटरभर चढही भेटतो. एकोणिसाव्या शतकातल्या मजुरांनी फावड्याने सपाट केलेली जमीन सायकलवाल्याला आयती मिळाली. (अपवाद आहेतच. १८३१ मध्ये पूर्ण झालेल्या क्रॉमफर्ड अँड हाय पीक रेल्वेवर गाड्या दोराने वर ओढाव्या लागत. त्या उतारांवर आज सायकलवालेही उतरून चालतात, त्यात लाज नाही.)

मार्च १९६३ मध्ये ब्रिटिश रेल्वेचे अध्यक्ष रिचर्ड बीचिंग यांचा अहवाल आला: २,३६३ स्टेशनं आणि सुमारे ८,००० किलोमीटर मार्ग बंद करा. तोट्यातल्या लाइनी त्याआधीही बंद होत होत्या, पण लोकांच्या मनात सगळं खापर बीचिंग यांच्यावर फुटलं ते कायमचं. वाहतूकमंत्री अर्नेस्ट मार्पल्स यांनी पूर्वी रस्ते बांधणारी कंपनी काढली होती, हेही कुणी विसरलं नाही.

माझ्या मते खरं नुकसान गाड्या थांबल्या तेव्हा नव्हे, त्यानंतर झालं. रूळ भंगारात गेले, स्टेशनांची घरं झाली, भराव शेजारच्या शेतकऱ्यांना तुकड्यातुकड्यांनी विकले गेले, लोखंडी पूल काढून नेले. सलग पट्टी राखून ठेवा, असं सांगणारं कुणी नव्हतं. पूल एकदा गेला की दोन्हीकडची वाट नुसती लोंबकळत राहते.

ज्यांनी वेळेत जागा घेतली, त्यांच्याकडेच आजच्या उत्तम वाटा आहेत. पीक डिस्ट्रिक्टच्या राष्ट्रीय उद्यान मंडळाने अ‍ॅशबोर्नची लाइन विकत घेतली आणि १९७१ मध्ये टिसिंग्टन ट्रेल खुली केली. लिव्हरपूलजवळ विरलमध्ये १९७३ साली जुन्या लाइनवर कंट्री पार्क झालं. १९६८ च्या कंट्रीसाइड कायद्याने अशा उद्यानांना वाट करून दिलीच, शिवाय घोडेवाटांवर सायकल चालवायचा हक्कही दिला. पायवाटांवर मात्र नाही, आणि घोडेवाटेवरही आधी घोडा नि पादचारी, मग तुम्ही.

तरी हे सगळं सहलीपुरतं होतं. कामावर जायला सायकल, आणि तीही जुन्या रेल्वेवरून, हा विचार ब्रिस्टलमधून आला. १९७७ मध्ये तिथे जॉन ग्रिमशॉ आणि त्यांच्या साथीदारांनी सायकलबॅग नावाचा गट काढला. ब्रिस्टल-बाथ लाइन १९६६ पासून प्रवाशांविना पडून होती. १९७९ मध्ये स्वयंसेवकांनी बाथच्या बाजूने पहिले आठ किलोमीटर तयार केले, आणि १९८६ पर्यंत एकवीस किलोमीटरची सगळी वाट झाली. मधे स्टेपल हिलचा जवळजवळ अर्ध्या किलोमीटरचा बोगदा लागतो. बिटनला हौशी मंडळींनी वाफेची गाडी जपली आहे. तिथे ती आणि सायकली शेजारी शेजारी धावतात. २००८ मध्ये या वाटेवरून जलद बस न्यायची टूम निघाली, तेव्हा लोकांच्या विरोधापुढे ती मागे घ्यावी लागली.

सायकलबॅगचीच पुढे सस्ट्रान्स ही संस्था झाली. १९९५ मध्ये लॉटरीच्या निधीतून त्यांना ४ कोटी ३५ लाख पौंड मिळाले, आणि जून २००० मध्ये राष्ट्रीय सायकल जाळ्याचे पहिले ५,००० मैल जाहीर झाले. त्यातला मोठा हिस्सा साध्या रस्त्यांवरूनच जात होता, काही ठिकाणी चक्क धोकादायक वाहतुकीतून. २०२० मध्ये जवळजवळ पाव जाळं नकाशातून वगळावं लागलं, ते यामुळेच. तुटलेल्या पुलांची किंमत अशी वसूल होते.

बोगद्यांचंही तेच. पीक डिस्ट्रिक्टमधल्या मॉन्सल डेल या दरीत १८६३ ला रेल्वेचा पूल झाला, तेव्हा लेखक-कलासमीक्षक जॉन रस्किन चिडले होते: बक्स्टनच्या मूर्खाला अर्ध्या तासात बेकवेलला पोचता यावं म्हणून दरी घालवली! १९६८ मध्ये ती लाइन बंद झाली आणि १९८१ मध्ये वाट झाली, पण चार बोगदे बंदच ठेवल्याने लोकांना डोंगरावरून वळसा पडायचा. ते उघडले २०११ मध्ये. रस्किन ज्यावर भडकले, तोच पूल आज दरीचं भूषण म्हणून छायाचित्रांत मिरवतो.

बंद लाइनींवरचे उरलेले तीन हजारांहून अधिक पूल, बोगदे वगैरे आता इंग्लंडची सरकारी राष्ट्रीय महामार्ग कंपनी सांभाळते. पुलाखालची कमान भरून टाकणं तिला सोपं पडायचं. २०२१ मध्ये कंब्रियातल्या ग्रेट मस्ग्रेव्हच्या दगडी पुलाखाली तिने खडी आणि काँक्रीट ओतलं, आणि रेल्वेप्रेमी, सायकलवाले, जुने इंजिनिअर असे सगळेच तुटून पडले. स्थानिक कौन्सिलने परवानगी नाकारली. २०२३ मध्ये कंपनीला ते सगळं पुन्हा उपसून काढावं लागलं.